तान्ह्या बाळाचे अंग आणि ओले फडके



या व्याख्यानमालेत आपण दर वसंतात थोरामोठ्यांची व्याख्याने ऐकता. कोणी उपनिषदांवर बोलतो, कोणी राज्यघटनेवर. अशा जागी तान्ह्या मुलाचे अंग पुसण्याच्या फडक्यावर कोणी तासभर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काही मंडळी हसली असतील. त्यांच्यावर माझा राग नाही. पाच वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

मी वैद्य नव्हे. पस्तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, एवढीच माझी पात्रता. या विषयाकडे मला वळवले ते माझ्या नातीने. ती दहा महिन्यांची असताना तिच्या जांघेत आणि ओठांभोवती लालभडक, खवले धरलेले चट्टे उठले. मलमे झाली. मलम लावावे तोवर बरे वाटे, थांबवले की पुन्हा जैसे थे. चट्टा वाढला की तिची आई बिचारी अधिकच निगुतीने पुसून काढी. तोंडाला खीर लागली, पूस. दुपटे ओले झाले, पूस. अखेर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “पुसता कशाने?” मुलीने पिशवीतून वाइप्सचे पाकीट काढून दिले. बाईंनी ते उलटे केले, मागची बारीक अक्षरे वाचली आणि एका नावावर बोट ठेवले : मेथिलआयसोथायझोलिनोन. पुसणे बंद केले, पॅच टेस्टने संशय खरा ठरवला, आणि तीन आठवड्यांत पोरीची कातडी निवळली. घरात रसायनशास्त्राचा अध्यापक बसला होता. त्याने ते पाकीट एकदाही उलटून पाहिले नव्हते. आजचे व्याख्यान हे त्याचे प्रायश्चित्त समजा.

ही वस्तू मुळात बाळांसाठी निघालेलीच नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत आर्थर ज्यूलियस नावाच्या गृहस्थांनी पाकिटबंद ओला कागद तयार केला, आणि १९६३ पासून तो तळलेली कोंबडी खाणाऱ्या गिऱ्हाइकांना हात पुसायला मिळू लागला. हाताचे ते पुसणे पुढे पाळण्यापर्यंत पोचले.

त्यात असते तरी काय? बव्हंशी पाणी. मळ सुटावा म्हणून साबणाच्या जातीचे एखादे सौम्य द्रव्य, ओलावा राहावा म्हणून ग्लिसरीन, आंबटपणा बेताचा ठेवण्यासाठी लिंबातले सायट्रिक आम्ल, बहुधा थोडा सुगंध, आणि परिरक्षक. खरी गोम या परिरक्षकात आहे.

आपण विचाराल, परिरक्षक हवाच कशाला? त्याचे उत्तर आपल्या मोरीत आहे. ओले फडके चार दिवस गोळा करून ठेवा, त्याला कसा वास येतो ते पाहा. पाकिटातली फडकी महिनोन् महिने ओली राहायची आहेत. तिथे जंतूंना आडकाठी नसेल तर आई आपल्या हाताने बाळाच्या अंगाला जंतू चोळील. ही नुसती कल्पना नव्हे. २०१४ साली अमेरिकेत एका कारखान्याच्या बाळफडक्यांत बर्खोल्डेरिया सेपाशिया हा जंतू सापडला आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला. तेव्हा परिरक्षक असावा की नसावा हा वादच नाही. कोणता आणि किती, एवढाच प्रश्न आहे.

आता या निवडीची हकिगत ऐका, कारण ती मोठी उद्बोधक आहे. पॅराबेन नावाची परिरक्षके पुष्कळ वर्षे सर्रास वापरात होती. २००४ साली इंग्लंडमध्ये स्तनाच्या गाठींच्या वीस नमुन्यांत पॅराबेनचा अंश आढळल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. या पदार्थामुळे गाठ झाली, असे त्या निबंधाने सिद्ध केले नव्हते. पण भीतीला सिद्धता लागत नाही. पाकिटांवर ‘पॅराबेनमुक्त’ अशी अक्षरे झळकू लागली. मग ती रिकामी जागा भरायची कोणी?

मेथिलआयसोथायझोलिनोन हे द्रव्य आधी एका भावंडाबरोबर मिश्रणात वापरीत. युरोपात त्या मिश्रणाची मर्यादा दशलक्षात १५ भाग होती, आणि त्यात आपल्या या द्रव्याचा वाटा जेमतेम चौथा. भावंड अधिक तापट, हे सौम्य, अशी समजूत. म्हणून २००५ मध्ये ते एकट्याने वापरायला परवानगी मिळाली, दशलक्षात १०० भागांपर्यंत. म्हणजे चाराहून कमी होते त्याचे एकदम शंभर झाले! पुढे जे व्हायचे ते झाले. त्वचेच्या दवाखान्यांत या द्रव्याची अॅलर्जी झालेल्यांची रीघ लागली. २०१३ साली अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याला ‘वर्षातील अॅलर्जीकारक’ ठरवले. २०१४ च्या जानेवारीत ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात मेरी वू चँग आणि राधिका नक्रानी यांनी सहा मुलांची हकिगत छापली. त्यांच्या चट्ट्यांना कोणी इसब म्हटले होते, कोणी आणखी काही. कारण होते ओले फडके. ते थांबले आणि मुले बरी झाली. युरोपाने २०१७ पासून, अंगावर तशाच राहू देण्याच्या प्रसाधनांत हे द्रव्य घालायला बंदी केली. आणि मौज पाहा : त्याच अमेरिकन संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना ‘वर्षातील अॅलर्जी न करणारे’ असे प्रशस्तिपत्र दिले! अर्थात प्रशस्तिपत्र अॅलर्जीपुरते. पॅराबेनांतल्या दोन प्रकारांना युरोपाने २०१४ मध्येच तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी मनाई केली आहे, हेही विसरू नये.

मी आत्ता ‘अंगावर तशाच राहू देण्याच्या’ असे शब्द वापरले. सारे मर्म त्यातच आहे. साबण आपण धुऊन टाकतो. ओल्या फडक्याने पुसल्यावर जे उरते ते उरतेच. वर घट्ट लंगोट किंवा डायपर, म्हणजे झाकलेली, ओली, उबदार जागा. तिथे कातडी अधिक शोषून घेते. शिवाय बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्र मोठ्या माणसाहून दुपटीच्या वर असते. जन्मतः त्या कातडीवर आम्लाचा पातळ थरही नीट बसलेला नसतो. तो पहिल्या काही आठवड्यांत बसतो. शी आणि लघवी एकत्र आली की अमोनिया होतो, आम्ल मारले जाते, आणि शीतले पाचक रस कातडी खाऊ लागतात. म्हणून स्वच्छता हवी, आणि ती लवकर हवी.

केवढी किंमत पडू शकते, याचा दाखला फ्रान्सने १९७२ मध्ये पाहिला. तिथे बाळांच्या एका टाल्कम पावडरीत हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकीने ६.३ टक्के इतके मिसळले गेले. २०४ मुलांना विषबाधा झाली, ३६ दगावली. डबा निर्मळ दिसत होता, वासही चांगलाच असेल. आया काही निष्काळजी नव्हत्या. उलट ज्या आईने अधिक काळजीने पावडर लावली, तिच्याच मुलाच्या अंगात ते अधिक गेले असणार. माझ्या मुलीची निगुती मला या ठिकाणी आठवते, आणि अंगावर काटा येतो.

आता कोणी आजीबाई म्हणतील, “म्हणून म्हणते, आमच्या वेळचेच बरे!” तेही सरसकट खरे नाही. आमच्या वेळच्या सुरम्यात शिसे निघते. बोरिक पावडर बाळाच्या कोवळ्या, सोललेल्या कातडीवर घालत, आणि बोरिक आम्लाने तान्ही मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. जुने म्हणून निर्दोष नाही आणि पाकिटातले म्हणून विषारी नाही. २०१२ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी २८० नवजात बाळांवर तुलना केली : एकीकडे विशिष्ट बाळफडकी, दुसरीकडे कापूस आणि पाणी. कातडीच्या ओलाव्यात फडकी उणी ठरली नाहीत. चांगली केलेली वस्तू चांगली असते, हे कबूल करायला रसायनशास्त्रज्ञाने लाजू नये.

मग करावे काय? घरी असाल तर कोमट पाणी आणि जुन्या लुगड्याचा मऊ, धुतलेला तुकडा. घासू नका, टिपा, आणि कोरडे करा. एस. टी. च्या प्रवासात, लग्नकार्यात, दवाखान्यात वाइप्स जरूर वापरा. पण बिनवासाचे घ्या, कारण सुगंध बाळाला नको असतो, तो आपल्याला हवा असतो. पाकीट वापरल्यावर घट्ट मिटा. मागची यादी वाचा. ते लांबलचक नाव दिसले तर पाकीट दुकानातच ठेवा. चट्टा उठला आणि मलमाने हटेना, तर दुसरे मलम मागण्यापूर्वी पुसणे थांबवून पाहा आणि डॉक्टरांना पाकीट दाखवा.

आणि एक मागणे नागरिक म्हणून. आपल्या देशात २०२० चे प्रसाधन नियम आहेत, पाकिटावर घटक छापावे लागतात. पण ती अक्षरे मुंगीच्या पावलाएवढी, आणि बहुधा इंग्रजीत. जी वाचता येत नाही ती माहिती दिली असे म्हणायचे का? पाकिटाच्या पुढच्या बाजूस ‘सौम्य’ हा शब्द छापण्याइतकी जागा सापडते. तेवढीच जागा मागच्या बाजूला मराठीसाठी सापडावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

घरी गेल्यावर पाळण्याजवळचे पाकीट एकदा उलटे करून पाहा. माझ्या हातून ते राहून गेले होते.