राक्षसाचा प्राण कुठे असतो?



आजचा माझा विषय जाहीर झाला, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होतो, तिथे व्हिडिओ गेमचे काय काम, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर मी आरंभीच देऊन टाकतो. या खेळांत एक प्रश्न फार मार्मिकपणे विचारला गेला आहे, आणि तो लहानथोर सर्वांचा आहे. तो प्रश्न असा: एखादी गोष्ट संपली, हे आपण कशावरून मानायचे?

लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेला राक्षस आपल्याला आठवत असेल. राजपुत्र त्याच्यावर वारांमागून वार करी, पण राक्षस काही मरत नसे. कारण त्याचा प्राण त्याच्या देहात नव्हताच. तो होता सात समुद्रांपलीकडे, एका पिंजऱ्यातल्या पोपटात. राजपुत्राच्या मनगटात बळ कमी नव्हते. घाव कुठे घालायचा, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

व्हिडिओ गेममध्ये टप्प्याच्या शेवटी जो बलाढ्य शत्रू उभा असतो, त्याला खेळाडू ‘बॉस’ म्हणतात. सगळ्यांत शेवटच्या बॉसला हरवले की खेळ संपला, असा साधा हिशेब. परंतु काही रचनाकारांनी या हिशेबातच एक चोरकप्पा ठेवला. शेवटचा म्हणून जो समोर येतो तो खरा शेवटचा नव्हेच. खरा शत्रू त्याच्यामागे दडलेला असतो, आणि विशिष्ट अटी पुऱ्या केल्यावाचून तो दर्शन देत नाही. या अटी पुऱ्या करणे म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘अनलॉक’ करणे. कुलूप उघडण्याचा हा प्रकार तीन उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण जपानचे. ‘तायतो’ या कंपनीने 1986 साली ‘बबल बॉबल’ नावाचा खेळ काढला. दोन इवलेसे ड्रॅगन तोंडातून बुडबुडे सोडतात आणि शत्रूंना त्यांत कोंडतात. अशा शंभर फेऱ्या पार केल्या की शेवटचा राक्षस येतो. एखाद्या पट्टीच्या खेळाडूने एकट्याने हे सारे साधले तर काय व्हावे? खेळ त्याला सांगतो, हा खरा शेवट नव्हे, मित्राला घेऊन ये! दोघांनी खांद्याला खांदा लावून खेळ जिंकला, आणि पुढे त्याची अधिक अवघड आवृत्तीही दोघांनीच पार केली, तर शेवटी उलगडा होतो की ज्या राक्षसाशी आपण झुंजत होतो, ते जादूने बांधलेले आपलेच आईवडील होते. या कुलपाची किल्ली एकट्याच्या कौशल्यात नव्हतीच. ती होती सोबतीत.

दुसरे उदाहरण 1997 सालचे, ‘कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट’ या ‘कोनामी’ कंपनीच्या खेळाचे. ड्रॅक्युलाचा मुलगा अ‍ॅल्युकार्ड बापाच्या किल्ल्यात शिरतो. तिथे सिंहासनावर बसलेला आढळतो रिक्टर; म्हणजे आधीच्या एका खेळातला शूर नायक! तोच आता किल्ल्याचा धनी म्हणवतो आहे. त्याला ठार केले की नावे झळकतात, खेळ संपतो. पुष्कळांनी समाधानाने यंत्र बंद केले असेल. पण ज्याच्या मनात शंका आली, की एवढा सज्जन मनुष्य असा कसा फिरला, तो मागे वळला. सोन्याची आणि चांदीची अशा दोन अंगठ्या त्याने शोधल्या, त्या एकदम बोटांत घालून तो घड्याळाच्या दालनात गेला. तेव्हा खाली वाट उघडली आणि तिथे त्याला एक चष्मा मिळाला. तो लावून रिक्टरकडे पाहावे तो काय! त्याच्या डोक्यावर एक हिरवा गोळा तरंगतो आहे आणि तोच त्याला नाचवतो आहे. घाव रिक्टरवर नव्हे, त्या गोळ्यावर घालायचा. मग रिक्टर वाचतो, आकाशात दुसरा उलटा किल्ला प्रकट होतो आणि जवळजवळ तेवढाच खेळ पुढे शिल्लक आहे हे ध्यानात येते. खुद्द ड्रॅक्युला त्या उलट्या किल्ल्यात आहे. श्रोतेहो, आपल्या आजीचा पोपट आणि हा हिरवा गोळा यांत मला तरी फरक दिसत नाही.

तिसरे उदाहरण 2015 सालच्या ‘अंडरटेल’चे. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने तो बहुतांशी एकट्याने रचला. इथे समोर आलेल्या प्रत्येकाला मारता येते आणि प्रत्येकाला सोडूनही देता येते. कुणालाही न मारता, शत्रूंशी मैत्री जोडत जो अखेरपर्यंत जातो, त्यालाच अ‍ॅझ्रिएल नावाचा शेवटचा प्रतिस्पर्धी भेटतो. आणि त्यालाही मारायचे नसते, त्याला वाचवायचे असते. उलट, जो वाटेतल्या सगळ्यांची शोधशोधून कत्तल करतो, त्याच्यापुढे दुसराच गुप्त शत्रू उभा राहतो. तो असतो सॅन्स, एरवी थट्टामस्करी करणारा हाडांचा सापळा, जो इतर मार्गांवर कधी लढतच नाही. कोणता शत्रू वाट्याला यावा, हे इथे खेळाडूचे आचरण ठरवते.

आता एक आक्षेप. अशी गुपिते शोधण्याच्या नादाने मुले रात्र रात्र जागतात, आणि पुष्कळदा शोधण्यासारखे काही नसतेच! आक्षेप खरा आहे. 1991 साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर दोन’ या खेळाच्या इंग्रजी भाषांतरात एक गफलत झाली. एका डावाचे नाव माणसाचे नाव वाटावे अशा रीतीने छापले गेले, आणि ‘शेंग लाँग’ नावाचा कुणी महागुरू आत दडला आहे, अशी बोलवा उठली. 1992 च्या एप्रिल महिन्यात एका अमेरिकन मासिकाने गंमत म्हणून त्याला गाठण्याची कृतीही छापली: एकही फटका न खाता शेवटच्या शत्रूपर्यंत जा, आणि तिथे फेऱ्यांमागून फेऱ्या कुणीही कुणाला न मारता काढा. एप्रिल फूलच ते! कित्येकांनी इमानेइतबारे प्रयत्न केले. गंमत अशी, की 1994 च्या सुधारित आवृत्तीत अकुमा नावाचा गुप्त शत्रू खरोखरच आला. कठोर अटी पाळल्या तर तो ठरलेल्या बॉसला आपल्या डोळ्यांदेखत लोळवतो आणि स्वतः समोर उभा राहतो.

मग शोध कोणता आणि खुळ कोणते? माझे मत असे, की चांगला रचनाकार कुलूप घालतो तेव्हा खूण ठेवतो. रिक्टरचे न पटणारे वागणे ही खूण आहे. एकट्या विजेत्याला मिळालेला तो निरोप ही खूण आहे. शेंग लाँगच्या मागे होती फक्त एक चुकीची ओळ. खुणेवरून शंका घेणे आणि ऐकीव गोष्टीमागे धावणे यांतला भेद मुलांना कळला, तर ती रात्रीची जागरणे अगदीच वाया गेली असे मी म्हणणार नाही.

आपण मोठी माणसेही पहिल्या विजयाशी थांबतोच. भांडण जिंकले, समोरच्याला गप्प केले, की विषय मिटला असे धरून चालतो. त्याला कुणी नाचवत होते का, हे पाहायला चष्मा शोधत नाही. विजयासारखे सोयीचे झाकण दुसरे नाही. त्याखाली काय राहिले, हे कुणीच विचारत नाही.

म्हणून एक विनंती करतो. आज घरी गेल्यावर नातू म्हणाला, “आजोबा, गेम संपला,” तर त्याच्या हातातले यंत्र लगेच काढून घेऊ नका. क्षणभर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “बाळ, तू कुणाला हरवलेस? आणि तो खरोखर तुझा शत्रू होता का?”