घामेजलेल्या बोटांसाठी

जिममध्ये एक सेट नुकताच संपला आहे. छाती धपापते आहे, तळहात ओले आहेत, आणि किती वजन किती वेळा उचललं ते मोबाइलवर नोंदवायचं आहे. वजनाच्या व्यायामाचं ॲप नव्यानं रचणाऱ्यानं हे चित्र आधी डोळ्यांपुढे आणावं.

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये दाखवून दिलं, की लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका तिथं हात पोचायला वेळ जास्त. अँड्रॉइडची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, की बटण साधारण 9 मिलिमीटरचं तरी असावं. घामेजलेल्या बोटाला मला तेवढंही अपुरं वाटतं.

खरा प्रश्न मात्र आठवणीचा आहे. ताकद वाढते ती भार हळूहळू वाढवत नेल्यानं. म्हणून मागच्या वेळचा आकडा समोरच हवा, आणि शक्यतो आधीच भरलेला. मग एका टिचकीत नोंद होते. एकूण 60 किलो उचलायचे, तर 20 किलोचा बार सोडून दोन्ही बाजूंना 20-20 किलोच्या प्लेट, हा हिशेबही दमलेल्या माणसावर टाकू नये. नोंद होताच विश्रांतीचं घड्याळ आपोआप सुरू व्हावं. तळघरातल्या जिममध्ये रेंज नसली, तरी नोंद हरवता कामा नये.

ॲप बनवणाऱ्या मित्रांनो, आराखडा काढण्याआधी एक संध्याकाळ जिममध्ये घालवा आणि लोकांच्या हातांकडे नीट पाहा.