कानाची भक्ती हाती उतरावी

जय जय रामकृष्ण हरी!

सज्जनहो, मायबापहो, आजच्या निरूपणाला विषय घेतला आहे श्रवणभक्तीचा. भक्तीचे नऊ प्रकार सांगितले, त्यांत पहिला मान श्रवणाला. का बरं? तोंड उघडण्याआधी कान उघडलेला असतो म्हणून. लेकरू आधी ऐकतं, मग बोलतं. परीक्षिती राजाजवळ सातच दिवस उरले होते. त्या सात दिवसांत त्याने यज्ञ मांडला नाही, की तीर्थं हिंडला नाही. गंगेच्या काठी बसला आणि ऐकत राहिला. ऐकता ऐकता तरला. इथवर कुणाचा वाद नाही.

वाद पुढेच आहे. ऐकायचं म्हटलं की सांगणारा आला, गाणारा आला. आणि मन मोठं लबाड, बरं का! देवाच्या गावाला निघालेलं मन वाटेत गाणाऱ्याच्याच ओसरीवर पथारी टाकतं. मग प्रश्न पडतो, ही भक्ती देवाची की गळ्याची?

एका गावी चातुर्मासातलं कीर्तन आटोपलं. बुक्का लावून घ्यायला रांग लागली होती. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सगळ्यांत मागे थांबल्या. गर्दी ओसरल्यावर पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बुवा, एक विचारू का? आमचे हे अंथरुणाला खिळले, तेव्हापासून पहाटे सुब्बुलक्ष्मींचं सुप्रभातम् लावते. पुढे हे गेले. तरी मोडलं नाही. लेक म्हणतो, आई, तुला त्यातलं अक्षर कळत नाही. तू बालाजीला कुठं भजतेस? तू त्या बाईंच्या आवाजाला भजतेस. आणि बुवा, खरंच आहे हो ते. डोळे मिटले की मूर्ती दिसत नाही, आवाजच भरून राहतो. एवढ्या वर्षांची भक्ती वाया गेली का माझी?"

सज्जनहो, प्रश्न साधा नाही. त्या माउलीनं उभ्या आयुष्याचं गाठोडं सोडून पुढ्यात ठेवलं होतं. त्याला 'हो' म्हणणं क्रूर, आणि उगाच 'नाही' म्हणणं खोटं. म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी तो आवाज कुणाचा, ते पाहू. मदुरै म्हणजे मीनाक्षीचं गाव. तिथे 16 सप्टेंबर 1916 ला सुब्बुलक्ष्मींचा जन्म झाला. आई षण्मुखवडिवु वीणा वाजवायची, आजी व्हायोलिन वाजवायची. देवाच्या सेवेला वाहिलेलं घराणं. ज्या घराण्यांच्या गाण्यावर लोक जीव टाकत आणि ज्यांच्या उंबऱ्यावर पाय द्यायला मात्र कचरत, त्यांतलं. त्या घरातली ही मुलगी. नावामागे लागलेलं 'एम. एस.' म्हणजे मदुरै षण्मुखवडिवु, गावाचं आणि आईचं नाव. पुढे सिनेमात त्या मीरा झाल्या, तमिळमध्ये 1945 साली आणि मग हिंदीत. उत्तरेकडचं गाणं शिकल्या ते आपल्या कोल्हापूरच्या पंडित नारायणराव व्यासांकडे. 1966 साली संयुक्त राष्ट्रांच्या सभेत गायल्या. कांचीच्या परमाचार्यांनी त्या प्रसंगासाठी संस्कृतात मैत्रीचं गीत रचून दिलं होतं. 1998 साली भारतरत्न झाल्या आणि 11 डिसेंबर 2004 ला चेन्नईत त्यांनी देह ठेवला.

पण आपल्याला मानमरातबाशी काय करायचं? आपल्याला बघायचंय ते निराळंच. व्यंकटेशाच्या सुप्रभाताची त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली 1963 साली. शब्द संस्कृत. त्यातला एकेक उच्चार त्यांनी जाणत्यांकडून घासूनपुसून घेतला, मग गळ्यातून सोडला. त्यात एक तान अशी नाही की ऐकणाऱ्यानं 'वा!' म्हणावं. ज्या गळ्याला तीन-तीन तास मैफल गाजवता येत होती, तो गळा तिथे नुसता दार उघडून बाजूला उभा राहतो. आणि मैफलींचं म्हणाल, तर किती मैफलींचं उत्पन्न देवळांना, दवाखान्यांना, शाळांना गेलं! 1974 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो लोकसेवेसाठी.

आता त्या आजींचं उत्तर. वारीत तुम्ही पाहिलंय ना, माउलींचा रथ येतो. लोक धावतात. पादुकांपर्यंत हात पोचत नाही. मग काय करतात? रथाच्या बैलांना हात लावतात आणि तोच हात कपाळी नेतात. त्यांना कुणी म्हणतं का, 'अरे वेड्यांनो, तुम्ही बैलांची भक्ती करताय'? नाही म्हणत. कारण त्या बैलांच्या खांद्यावर कोण आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. गाणाऱ्याच्या खांद्यावरसुद्धा देवाचा रथ असतो. मी म्हटलं, "आजी, तुमचा हात बैलाला लागला, पण नमस्कार पादुकांना पोचला. एकच पाहा, गाणं संपल्यावर तुम्ही दिवसभर काय करता?" त्या म्हणाल्या, "काय करणार बुवा? शेजारी एक आंधळी म्हातारी आहे, तिला चहा-भाकरी नेऊन देते. तिलाही ते गाणं आवडतं, म्हणून आवाज थोडा मोठाच ठेवते."

ऐकलंत? परीक्षा झाली. पास झाल्या माउली.

रथ थांबला, बैल सुटले, की आपण बैलांमागे गोठ्यात जातो का? नाही. आपण पादुकांपुढे जातो. गाणं संपलं आणि ऐकणारा नुसता 'काय गळा, काय गळा' करत राहिला, तर तो गोठ्यात गेला. रसिक म्हणा त्याला, वाईट नाही. पण गाणं संपलं आणि ते कानातून हातात उतरलं, कुणाच्या तरी कामी आलं, तर ती भक्ती. एवढा पूर्वरंग. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल!

आता आख्यान लावतो. गाणाऱ्यावर भक्ती कशी करावी, त्याचं चरित्र. गाणारे त्यागराजस्वामी आणि ऐकणारी बंगळूरची नागरत्नम्मा. गंमत अशी, की दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

तंजावरचा मुलूख आपल्याला परका नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिथे राज्य करून गेले. मराठी कीर्तन तिकडे गेलं, समर्थांच्या शिष्यांचे मठ तिकडे झाले. आजही तिकडच्या हरिकथेत साकी म्हणतात, दिंडी म्हणतात. त्या मुलखात कावेरीच्या काठी तिरुवैयारु नावाचं गाव आहे. तिथे त्यागराज राहिले. जन्म 1767 चा. मातृभाषा तेलुगू, दैवत राम. सकाळी तंबोरा घेऊन, नाम गात गावातून फिरायचं, झोळीत पडतील त्या तांदळांवर संसार करायचा. आपल्याकडची माधुकरीच ती. तंजावरच्या दरबाराचं बोलावणं आलं, तर त्यांनी नाकारलं असं सांगतात. आपल्याला लगेच तुकोबा आठवतात, राजाचा नजराणा परत पाठवणारे. शेवटी संन्यास घेऊन 1847 साली पौष वद्य पंचमीला त्यांनी देह ठेवला. कावेरीच्या तीरावर समाधी झाली. साधं वृंदावन, बस.

शिष्य पांगले. गाणी सगळ्या दक्षिणेत गेली, आणि समाधी मात्र झाडोऱ्यात हरवत चालली. असंच असतं हो! अभंग घरोघरी आणि अभंगवाल्याची ओसरी पडलेली.

इकडे म्हैसूरच्या राज्यात, नंजनगूडला, 1878 साली एक मुलगी जन्मली. नागरत्नम्मा. कलावंतिणीची लेक. संस्कृत शिकली, गाणं शिकली, आणि तेही त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतलं. मद्रासेत नाव झालं, घर झालं, पैसाअडका झाला. पण घशात जे होतं ते सगळं त्या एका माणसाचं, ज्याला तिनं पाहिलं नव्हतं.

1921 साली तिचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांचं पत्र आलं. स्वामींच्या समाधीची दुर्दशा झाली आहे, काही तरी कर. आता इथे थांबा. त्या वेळी त्यागराजांची गाणी गाऊन पोट भरणारे थोडे होते का? मोठमोठे गवई होते. समाधीवर आराधनेचा उत्सवही व्हायचा, त्यात दोन तट होते, दोन तटांचे मानपान होते. पण पत्र वाचून उठली कोण? ही. गेली, जागा पाहिली, जमीन मिळवली, दागदागिने मोडले, पदरचं घातलं, मंदिर बांधलं, स्वामींची मूर्ती बसवली. चार-पाच वर्षं गेली.

आणि मंदिर उभं राहिल्यावर काय झालं? उत्सव आला. दोन्ही तट गायला बसले. हिनंही गायची इच्छा धरली. उत्तर मिळालं, बायकांनी इथे गायचं नाही. त्यातही कलावंतिणीनं तर नाहीच.

सज्जनहो, तुमच्या पैशानं बांधलेल्या मंडपात तुम्हालाच कुणी 'बाहेर बसा' म्हणालं तर? आपण काय करू? कुलूप घालू, फिर्याद करू, निदान गावभर बोभाटा तरी करू. ती रागावली नाही असं मी म्हणणार नाही. मानी बाई होती, भांडायला भ्यायची नाही. पण तिनं मंदिराला कुलूप घातलं नाही, आणि गाणंही सोडलं नाही. मंदिराच्या मागच्या बाजूला बायका जमवल्या आणि तिथे आराधना सुरू केली. समोर पुरुषांचे दोन तट, मागे बायकांचा तिसरा. पुढचे लोक मूर्तीच्या तोंडासमोर गायचे, या पाठीशी गायच्या. मला सांगा, रामाच्या भक्ताला पाठीमागून आलेलं ऐकू येत नसेल का?

आपल्या पंढरीत कान्होपात्रा कोण होती? मंगळवेढ्याच्या नायकिणीची लेक. तिला आज देवळाच्या आवारात जागा आहे, तिचं तरटीचं झाड आपण दाखवतो. चोखोबांना आत येऊ दिलं नाही, त्यांची समाधी महाद्वारापुढे आहे, आणि आज प्रत्येक वारकरी आधी तिथे वाकतो. ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांच्याच पायाशी दार येऊन थांबलं! तिरुवैयारुलाही तेच झालं. वर्षं गेली, तटांचे हट्ट झिजले, आणि 1940 च्या सुमारास तिन्ही मंडळ्या एक झाल्या. तेव्हापासून आजतागायत पौष वद्य पंचमीला त्यागराजांची पाच रत्नं, पाच रागांतल्या पाच कृती, बायका-पुरुष ओळीनं बसून एका आवाजात गातात. एकाचं गाणं शेकडो गळ्यांचं झालं. आज तिथे बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या बसण्याखाली त्या बाईनं बांधलेली जमीन आहे.

म्हातारपणी नागरत्नम्मा तिरुवैयारुलाच राहिली. होतं नव्हतं ते समाधीच्या सेवेला लिहून ठेवलं. 1952 साली गेली. तिची समाधी स्वामींच्या समाधीजवळच आहे, आणि तिथली तिची मूर्ती हात जोडून स्वामींकडे तोंड करून बसली आहे. नामदेवरायांनी पायरी मागितली, का? येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची धूळ अंगावर पडावी म्हणून. हिनंही समोरची जागा घेतली. जन्मभर मागे बसून गायली, आता कायमची समोर आहे.

पाहा, तिनं त्यागराजांना ऐकलं होतं का? त्यांचा देह पडून एकतीस वर्षं झाल्यावर ती जन्मली. तिच्याकडे ना त्यांचा आवाज होता, ना तबकडी. आपल्याकडे तर सगळं आहे. बटण दाबलं की सुब्बुलक्ष्मी गातात, बटण दाबलं की भीमसेनजी गातात. तिला जे मिळालं नाही ते आपल्याला फुकट मिळतं, आणि म्हणून आपलं देणं जास्त आहे.

हे कीर्तन तुम्ही आता पुस्तकात वाचत आहात, कुणी वारीच्या मुक्कामावर, कुणी एस.टी.त, कुणी घरी दिव्यापाशी. तुमच्यापैकी ज्याला ज्याचा गळा आवडतो, त्यानं तो खुशाल ऐकावा. अपराधी वाटून घेऊ नये. शब्द कळले नाहीत तरी भिऊ नये. आईच्या ओवीतले शब्द पाळण्यातल्या लेकराला कुठे कळतात? पण एक नेम धरा. गाणं संपलं की उठून एक काम करा, ज्यात तुमचा काहीच फायदा नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला पाणी द्या. गावातल्या पडक्या समाधीवरचं गवत काढा. आणि तुमच्या भजनात कुणाला मागे बसवलं असेल, तर सरकून त्याला पुढे जागा द्या.

कानानं घेतलं, मुखानं गाइलं, हातानं दिलं. पांडुरंग एवढंच मोजतो.

बोला, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल! जय जय रामकृष्ण हरी!