चपलेचा तळ आणि गुडघ्यातला बुश



 कृत्रिम गुडघ्यावर दोन दिवस बोलायला आपण ऑर्थोपेडिक सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि इंजिनिअर मित्र करवीरनगरीत जमलात आणि स्वागताध्यक्षपद उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला दिलंत, याबद्दल मी ऋणी आहे. वैद्यकाची भाषा मला पुरती येत नाही. पण शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश कसा झिजतो ते मी जवळून पाहिलं आहे. शाफ्ट सरळ बसला असेल तर बुश वर्षानुवर्षं चालतो. शाफ्ट केसभर तिरका झाला, की बुश एकाच अंगाला खाल्ला जातो. गिऱ्हाईक झिजलेला बुश हातात घेऊन येतं आणि म्हणतं, माल खराब होता. आम्ही आधी शाफ्ट तपासतो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, हिचे दोन्ही गुडघे एकाच दिवशी बदलले. सर्जन एकच, कंपनी एक, प्लॅस्टिकही एकाच जातीचं. अकरा वर्षांनी डाव्या गुडघ्यातलं प्लॅस्टिक बदलावं लागलं. उजवा आजही ठणठणीत आहे. आक्का लहानपणी झाडावरून पडली होती, तेव्हापासून तिचं डावं पाऊल बाहेर वळतं. तिच्या चपलांमध्ये डावीची टाच बाहेरच्या कडेला आधी जाते, हे आमच्या चांभारमामांना वर्षानुवर्षं माहीत होतं. तिच्या फाइलमध्ये मात्र ती चालते कशी, याबद्दल एक ओळही नव्हती. एका माणसावरून सिद्धांत निघत नाही, हे मी जाणतो. पण तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली, ती इचलकरंजीच्या शेजारी राहणाऱ्या मला फार जवळची वाटली. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या रायटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी टेफ्लॉन वापरत होते आणि ते भराभर झिजत होतं. १९६२ साली एक विक्रेता तिथे नव्या प्लॅस्टिकचा नमुना घेऊन आला. ते प्लॅस्टिक कापडगिरण्यांच्या मागांमधल्या गिअरसाठी वापरलं जात होतं. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि तो नमुना बाजूला सारला. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी, चार्नली परगावी असताना, तो झिजवण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे, तेवढाही तो तीन आठवडे रात्रंदिवस चालून झिजला नाही. तेच पॉलिथिलीन. मागावरून ते माणसाच्या सांध्यात आलं. त्याच रुग्णालयात शिकायला आलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये ते गुडघ्यात बसवलं. आजही बहुतेक गुडघ्यांत वर कोबाल्ट-क्रोमचा गोलावा आणि खाली पॉलिथिलीनची गादी असते.

ही गादी झिजते कशी? घासण्याच्या दिशेने पॉलिथिलीनचे लांबलचक रेणू ओळीत बसतात. त्या दिशेने ते घट्ट होतात आणि आडवे दुबळे. उसाचं चिपाड आठवा. लांबीत ओढलं तर तुटत नाही, आडवं फाकवलं की धागा धागा सुटतो. गुडघा नुसता बिजागरीसारखा पुढेमागे झाला असता तर गादी फार कमी झिजली असती. पण चालताना मांडीचं हाड नडगीवर थोडं फिरतं, थोडं घसरतं. ते फिरणं रेणूंच्या ओळीला आडवं जातं आणि कण सुटतात. बरेचसे कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान. शरीरातल्या भक्षकपेशी ते गिळतात, त्यांना ते पचत नाहीत, आणि त्या धडपडीत आजूबाजूचं हाड विरघळू लागतं. गादी किती मिलिमीटर पातळ झाली, यापेक्षा मला या भुकटीची जास्त भीती वाटते.

नवा गुडघा यंत्रावर तपासतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वासराच्या रक्तद्रवात, ३७ अंशांवर, सुमारे २६०० न्यूटनच्या कमाल भाराखाली ५० लाख आवर्तनं. सेकंदाला एक धरलं तर अहोरात्र ५८ दिवस. चाचणी कडक आहे, आणि ती हवीच. पण ते यंत्र एकच चाल चालतं, सपाट जमिनीवरची. ते जिना उतरत नाही, स्वयंपाकघरात वळत नाही, त्याचा पाय आक्कासारखा बाहेर पडत नाही. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी भारमापक बसवलेल्या गुडघ्यांतून प्रत्यक्ष मोजमाप घेतलं. सपाट चालताना सांध्यावर वजनाच्या सरासरी २.६ पट भार आला आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. म्हणूनच शरीरातून परत काढलेल्या गाद्यांवरच्या खुणा यंत्रातल्या खुणांसारख्या दिसत नाहीत. त्या जास्त पसरट असतात आणि माणसागणिक बदलतात.

अमेरिकेत श्माल्झरीड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये खुबा किंवा गुडघा बदललेल्यांची पावलं मोजली. सरासरी दिवसाला ४९८८. म्हणजे एका सांध्याची वर्षाला सुमारे ९ लाख आवर्तनं. मी त्याला आपला हिशेब लावून पाहिला. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर साडेतीन लाखांवर पावलं, म्हणजे एका गुडघ्याच्या वाट्याला पावणेदोन लाख. त्या सरासरी माणसाच्या वर्षभराच्या चालण्याचा पाचवा हिस्सा एका वारीत. नव्या गुडघ्याने वारीला निघालेल्या माउलीला आपण ‘जाऊ नका’ म्हणायचं का? माझ्या मते मुळीच नाही. चालता यावं म्हणूनच तर तिने गुडघा बदलला. तिला आपण एवढं तरी सांगू शकलो पाहिजे की तिची चाल गादीच्या कोणत्या कडेवर भार टाकते, आणि मांडीचे स्नायू भक्कम झाल्यावर त्यात काय फरक पडला.

स्वीडनमध्ये १९९६ साली ४५ रुग्णांची चाल शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासली गेली. ज्यांच्या कृत्रिम सांध्याचा नडगीतला भाग पुढे जागचा हलला, ते गुडघ्यावर वाकवणारा जोर जास्त देऊन चालत होते. ही झीज नव्हे, सैल होणं आहे. तरीही तीस वर्षांपूर्वी मिळालेली ही खूण आपल्या फाइलींपर्यंत पोहोचू नये, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे गुडघे बहुधा आतल्या बाजूने झिजतात, पाय धनुष्यासारखे बाकतात, आणि तीच जुनी लकब घेऊन माणूस नव्या गुडघ्यावर उभा राहतो.

म्हणून यजमान या नात्याने माझं एक मागणं आहे. शस्त्रक्रियेआधी आणि वर्षाने रुग्णाची दहा पावलं समोरून आणि बाजूने मोबाइलवर टिपून फाइलला जोडा. आणि बदललेली गादी कचऱ्यात टाकू नका. रुग्णाची संमती घेऊन, त्याच्या चालीच्या नोंदीसह ती जपून ठेवा.

बाहेरच्या दालनात एका मेजावर आम्ही काही जुन्या कोल्हापुरी चपला मांडल्या आहेत. त्यांच्या धन्यांनी त्या आनंदाने दिल्या. शेजारच्या ट्रेमध्ये त्यांच्याच गुडघ्यांतून निघालेल्या गाद्या आहेत, पण नावं झाकून आणि क्रम मोडून. चहाच्या वेळी तिथे या आणि कोणती गादी कोणत्या चपलेची ते ओळखून पाहा. आमचे चांभारमामा सकाळपासून तिथेच बसले आहेत. आक्काची चपलही त्यातच आहे.