गाडी घेण्याआधी वजनकाटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या खानदेशात माल वाहणाऱ्या कुठल्याही लहान गाडीला आजही ‘टेम्पो’च म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. हे नाव मूळचे जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे. तिथल्या एका कंपनीच्या तीनचाकी गाडीचे ते नाव 1958 साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीमुळे आपल्या तोंडी बसले. पुढे मॅटाडोर आली. 1986 साली टाटांची 407 आली आणि तिने बाजार समित्यांचे रस्ते गाजवले. 2005 साली टाटा एस आली. पाऊण टन माल नेणाऱ्या या चिमुकल्या गाडीला लोकांनी प्रेमाने ‘छोटा हत्ती’ म्हटले. या दोहोंच्या मधली, टन-दीड टनाची जागा पिकअपने घेतली. आता रावेर-यावलच्या केळीच्या शिवारापासून धुळ्याच्या मार्केटपर्यंत जिकडे पाहावे तिकडे पिकअपच दिसते.

गाड्यांचे पाटे आणि ब्रेक दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली. गॅरेजमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो : ‘‘भाऊ, पिकअप घेऊ का मोठी गाडी घेऊ?’’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा बँकेचा हप्ता असतो. मी मात्र उलट विचारतो, ‘‘तुझा माल किती वजनाचा, आणि वर्षातले किती दिवस?’’ याचे उत्तर चटकन कोणाला देता येत नाही. आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी पासिंगचा अर्थ समजून घेऊ. आरसी बुकात दोन आकडे असतात. एक, रिकाम्या गाडीचे वजन. दुसरा, भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त एकूण वजन. दोहोंतला फरक म्हणजे तुम्हाला भरता येणारे वजन. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि हमाल धरलेले नसतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. उदाहरण घेऊ. समजा, एकूण वजन 2,990 किलो आणि रिकामी गाडी 1,690 किलो. फरक 1,300 किलो. ड्रायव्हर आणि तीन हमाल मिळून 240 किलो गेले. मालाला उरले 1,060 किलो. केळीचा एक घड 20 किलोचा धरला, तर 53 घड झाले. प्रत्यक्षात त्याच हौद्यात शंभर घड रचलेले मी पाहिले आहेत. म्हणजे 2,000 किलो माल आणि वर माणसे. गाडी चालते, म्हणून मालकाला वाटते की तिला झेपते.

मग गाडी मागून बसू लागली की मालक म्हणतो, ‘‘एखादा जादा पाटा टाकून द्या.’’ श्रोतेहो, जादा पाट्याने गाडी फक्त वाकायची थांबते. अ‍ॅक्सल तोच, टायर तेच, चॅसिस तीच आणि ब्रेकचे लायनरही तेच राहते. उलट गाडी वाकत नाही म्हणून भार जास्त झाल्याची खूणच पुसली जाते. जादा पाटा म्हणजे ताप उतरवण्याऐवजी थर्मामीटर फोडण्याचा प्रकार आहे.

वजन दुप्पट झाले की त्याच वेगाला गाडी थांबवताना ब्रेकमध्ये दुप्पट उष्णता तयार होते. वेग दुप्पट झाला तर चौपट. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, घाटात कळते. ब्रेक तापले की पकड सुटत जाते. म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरायचे आणि डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करायची नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. टायरमध्ये हवा कमी, भार जास्त आणि खाली तापलेला डांबरी रस्ता, हे तिन्ही एकत्र आले की टायर फुटायला निमित्त लागत नाही.

मोठ्या गाडीची मजबुती कुठे असते, तेही पाहा. 407 च्या वर्गातल्या गाडीला मागे जोडचाके असतात. चॅसिस जाड, ब्रेक मोठे, अ‍ॅक्सल दणकट. धुळ्यात सिमेंट-सळईचे दुकान चालवणाऱ्याचा हिशेब करू. पन्नास किलोच्या साठ गोण्या म्हणजे 3 टन. एवढा माल रोज जात असेल, तर पिकअप घेऊन तिला रोज दुप्पट भरण्यापेक्षा मोठीच गाडी घ्यावी. वाळूचेही तसेच. एक ब्रास वाळू साधारण साडेचार टन भरते. म्हणजे ‘अर्धाच ब्रास’ म्हणून पिकअपमध्ये टाकलेली वाळू सव्वादोन टन झाली. कापसाचे उलटे आहे. तो वजनाने हलका, पण हौदा भरून वर डोंगर होतो. तिथे भीती वजनाची नसून उंचीची असते. वळणावर गाडी कलंडते.

पण मोठी गाडी सरसकट चांगली, असेही नाही. सहा टायर बदलावे लागतात, डिझेल जास्त लागते, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीतल्या शिवाररस्त्यावर ती आत जात नाही. तीन एकर केळीवाल्याचे पाहा. त्याला रोजचे सहा-आठ क्विंटल खत, चारा किंवा भाजीपाला न्यायचा असतो. केळीची कापणी वर्षात थोडेच दिवस, आणि तेव्हा बहुधा व्यापाऱ्याचा ट्रक रस्त्यावर येऊन उभा राहतो. त्या थोड्या दिवसांसाठी मोठी गाडी घेतली, तर बाकीचे वर्ष ती रिकामी फिरते आणि हप्ता मात्र भरलेलाच जातो. म्हणून माझे सांगणे असे, की गाडी रोजच्या भारासाठी घ्यावी आणि जड दिवसासाठी भाड्याने आणावी. लहान गाडीकडून जड दिवस काढून घेऊ नये.

ओढण्याचे काम आपल्याकडे पिकअपपेक्षा ट्रॅक्टरच करतो. तिथेही नियम हाच. ट्रॅक्टर किती टन ओढतो, हे सगळे सांगतात. किती टन थांबवतो, हे कोणी विचारत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते, आणि वळणावर तर त्याला आडवा करते. ट्रॅक्टरची ताकद चढावर कळते, त्याची मर्यादा उतारावर.

कायद्याच्या चार गोष्टीही माहीत असाव्यात. ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. काही पिकअपचा आकडा 3,000 च्या किंचित खाली असतो, तो यामुळेच सोयीचा ठरतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये. जास्तीचा माल आपल्या खर्चाने उतरवून घ्यावा लागतो तो वेगळाच. वाचवलेल्या दोन फेऱ्यांचे भाडे या दंडापुढे काहीच नाही.

रस्त्याचाही विचार करावा. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटात ऑगस्ट 2021 मध्ये दरडी कोसळल्या. ऑगस्ट 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिथे अवजड वाहनांना बंदी झाली आणि मोठ्या गाड्यांना लांबचा वळसा पडला. ज्याचा माल मराठवाड्यात जातो, त्याने गाडीचा वर्ग ठरवताना ही वाट आधी विचारून घ्यावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला. मालासोबत बसलेले किमान 15 मजूर दगावले. दिवसभर राबून घराकडे निघालेली माणसे ती. जुलै 2023 मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात शिरला. तिथेही किमान दहा जीव गेले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते. पण मालावर बसलेल्या माणसाला पट्टा नसतो, टप नसतो, आणि गाडी कलंडली तर तो मालाखाली जातो. तेव्हा गाडी निवडताना हमालांची जागा कुठे, हा प्रश्नही विचारा. केबिनमध्ये दोघेच मावत असतील आणि तुम्हाला रोज सहा माणसे न्यायची असतील, तर ती गाडी तुमच्या कामाची नाही. माणसांसाठी दुसरे वाहन करा. त्याचे भाडे मालाच्या खर्चात धरा.

गाडी घ्यायला शोरूममध्ये जाण्यापूर्वी एक काम करा. महिनाभर भाड्याच्या गाडीने माल पाठवा आणि प्रत्येक खेपेला ती वजनकाट्यावर चढवा. काट्याची पावती टाकून देऊ नका. वहीत तारीख, माल, वजन, माणसे आणि रस्ता, अशा पाच रकान्यांत लिहा. त्याखाली कापणीचे, लग्नसराईचे आणि बियाण्याच्या दिवसांचे अंदाज जोडा. ती वही घेऊन गॅरेजमध्ये या. तुम्हाला कोणती गाडी लागेल, ते मला सांगावे लागणार नाही. तुम्हीच मला सांगाल.