बुरूडकामाच्या मालाची विक्री आणि कारागिराचा हिशेब

(हस्तकारागीर व महिला स्वयंसाहाय्य गटांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गोमंतकात आणि लगतच्या सिंधुदुर्गात बांबूचे विणकाम आजही घराच्या ओसरीवर चालते. सूप, रोवळी, परडी, हारा, कोंबड्यांचे डालगे, लग्नातील वोज्याची टोपली या वस्तूंना गिऱ्हाईक उरले नाही, असे कोणी म्हणू नये. प्लास्टिकच्या पाट्यांनी बरीच जागा बळकावली हे खरे. परंतु धान्य पाखडण्यास सुपासारखे दुसरे साधन अद्याप निघालेले नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हा माल आजही मांडला जातो आणि उचललाही जातो. माल खपतो आणि कारागीर मात्र होता तेथेच राहतो, ही खरी अडचण आहे. तिचे मूळ शोधल्यावाचून विक्रीसाहाय्याच्या योजना कितीही आखल्या तरी त्यांचा लाभ भलत्याच्याच पदरात पडेल.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, १२० रुपयांना एक बांबू घेतला आणि त्यातून चार सुपे निघाली. बांबू तोडून आणणे, फोडणे, कामट्या काढून त्या तासणे, विणणे, काठ बांधणे या कामी घरातील दोन माणसांचे दोन दिवस गेले. व्यापाऱ्याने सुपास १५० रुपये दिले. हाती ६०० रुपये आले. त्यातून बांबूचे १२० आणि वाहतुकीचे ४० वजा जाता ४४० उरले. चार दिवसांच्या श्रमाची ही किंमत, म्हणजे दिवसास ११० रुपये. तीच व्यक्ती दुसऱ्याच्या शेतावर गेली असती तर याच्या दुपटीहून अधिक मजुरी तिला मिळाली असती. कारागिरास हे ठाऊक नसते असे नाही. परंतु घरचे हात म्हणजे फुकटचे हात, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि व्यापारी नेमका तिच्यावरच भाव ठरवतो. म्हणून कार्यकर्त्यांनी पहिल्या भेटीत प्रदर्शनाची पत्रके वाटू नयेत. एक वही द्यावी आणि प्रत्येक वस्तूस किती बांबू व किती तास लागले, एवढेच महिनाभर लिहून ठेवावयास सांगावे. भाव सांगण्याचे धैर्य त्या वहीतून येते.

दुसरी गोष्ट वेळेची. कोकणपट्टीत गौरीच्या ओवशास नवी सुपे लागतात. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात सुपाचा भाव चढतो, पण तो चढ कारागिरास क्वचितच मिळतो. कारण आषाढात घरात पैसा नसतो; व्यापारी तेव्हाच उचल देतो आणि माल आधीच्या भावाने बांधून घेतो. दीड-दोन महिने माल धरून ठेवण्याची ताकद आली, तर एकाही नव्या गिऱ्हाइकावाचून उत्पन्न वाढेल. त्यासाठी गटाने दोन तजविजी कराव्यात: पावसाळ्यापूर्वी हाती पडेल असे थोडे खेळते भांडवल आणि एक कोरडी खोली. आपल्या दमट हवेत ओल्या भिंतीशी ठेवलेल्या टोपलीस आठ दिवसांत बुरशी धरते. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेला माल टिकतो, हे आपल्या आज्यांना पक्के माहीत होते. शहरातील गिऱ्हाईक मात्र तो काळपट रंग पाहून माल जुना समजते. त्यास खरे कारण सांगितले, तर तोच रंग गुण ठरतो.

मालास कीड लागणे ही तक्रार नेहमीची आहे. बांबूतील पिष्टमय अंश भुंग्यास आकर्षून घेतो. म्हणून पावसाळ्यात, कोंब वाढत असताना तोड करू नये, ती थंडीच्या दिवसांत करावी. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही याच कारणाने पडली. शोभेच्या वस्तू आणि फर्निचर यांसाठी बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण वापरतात. रोवळी व सूप यांना मात्र ते लावू नये. ज्यात तांदूळ धुवायचा त्याला ऊन आणि धूर पुरेसे आहेत.

कच्च्या मालाच्या बाबतीत कायद्याची एक अडचण दूर झाली आहे. बांबू हे वास्तविक गवत. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात त्याची गणना वृक्षांत केली होती. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला, पुढे दुरुस्तीचा कायदा झाला आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला. आपल्या कुळागराच्या कडेला माणग्याचे बेट लावणे आता अधिक सोयीचे आहे. माणगा भरीव आणि बिनकाट्याचा. त्याला बाहेरून मागणी असल्याने विकतच्या बांबूवर अवलंबून राहणाऱ्या घराची पुढे कुचंबणा होते.

हॉटेले व दुकाने यांच्या मागण्यांविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. दोनशे टोपल्यांची मागणी येते आणि नंतर निम्मा माल परत येतो, यात कौशल्य कमी पडलेले नसते. मापे जुळलेली नसतात. एक बाई वितीने मोजते, तिची वीत दुसरीच्या वितीएवढी नसते. बुडाच्या घेरासाठी एकच लाकडी साचा गटात फिरवावा. पसंत पडलेला एक नग गिऱ्हाइकाकडे आणि तसाच दुसरा गटाकडे राहावा, म्हणजे वाद उरत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. ‘विक्रीनंतर पैसे’ या बोलीवर माल ठेवणे ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे त्यालाच परवडते. मोबाईलवरून छायाचित्र पाठवताना टोपलीशेजारी एक नारळ ठेवावा. आकार आपोआप कळतो.

प्रशिक्षणवर्गांतून दिव्यांच्या छत्र्या आणि शोभेची जहाजे करावयास शिकवतात. त्यांत गैर काही नाही. परंतु पर्यटक ऑक्टोबरात येतो आणि उन्हाळ्यात पांगतो. घरगुती वापराच्या वस्तूंचा खप बारमाही असतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तेव्हापासून फुलांची परडी व भेटवस्तूंची करंडी यांना नवे गिऱ्हाईक मिळण्यास वाव आहे. कुडाळच्या ‘कॉनबॅक’ने दाखवलेला फर्निचर व बांधकामाचा मार्ग मोठा आहे, पण त्यास यंत्रे आणि प्रक्रियेच्या टाक्या लागतात, ओसरीवरच्या विणकामाने तेथे एकदम पोहोचता येत नाही.

शेवटी भांडवलाविषयी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत टोपल्या व चटया विणणाऱ्यांचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दिवसास ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या हप्त्यात एक लाखापर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. मात्र एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस हा लाभ घेता येतो. पुष्कळ घरांत बांबू आणतो व फोडतो पुरुष, विणते बाई, आणि अर्जावर नाव जाते पुरुषाचे. सूप जिच्या हातून पुरे होते तिचे नाव अर्जावर का नसावे, याचा विचार अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून करावा. आणि कार्यकर्त्यांनी त्या बैठकीस तिलाही बोलवावे.