वाढते नगर आणि मनातील भय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'शहरातील वाढती गुन्हेगारी' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली. मी पोलीस खात्यातील अधिकारी नव्हे, की वकीलही नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि छत्तीस वर्षे मुलांना अंकगणित व भाषा शिकविली, एवढीच माझी शिदोरी. परंतु आज दुपारच्या सत्रात, आपल्या मुलींच्या वसतिगृहाचे फाटक रात्री नवाऐवजी सायंकाळी सातलाच बंद करावे असा ठराव यावयाचा आहे, आणि त्या ठरावाच्या मुळाशी हेच भय आहे. यंदा दोन पालकांनी तर महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतानाही आपल्या मुलींना गावी परत नेले. "मास्तर, तुमचे चिंचवड आता राहण्याजोगे राहिले नाही," असे त्यांपैकी एक गृहस्थ मला म्हणाले. यास्तव ही आज्ञा मी शिरसावंद्य मानली.

चिंचवड म्हणजे मोरया गोसावींच्या समाधीचे आणि चापेकर बंधूंचे गाव. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्यामागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. १९८१ च्या शिरगणतीत येथील वस्ती सुमारे अडीच लक्ष होती. २०११ च्या शिरगणतीत ती सव्वासतरा लक्षांवर गेली. एका पिढीत सातपट! येथे भेटणारा मनुष्य बहुधा दुसरीकडून आलेला, हे ओघानेच आले. आपण तरी कोठले? या सभागृहातील किती जणांचे आजोबा चिंचवडात जन्मले, हे हात वर करावयास सांगितले तर मला वाटते की पाच-सहा हातांपलीकडे दिसावयाचे नाहीत.

आता मास्तरच्या सवयीने एक उदाहरण फळ्यावर मांडतो. दोन हजार वस्तीच्या एका खेड्यात वर्षाकाठी एक घरफोडी होते असे धरू. त्या खेड्यास कोणी चोरांचे गाव म्हणणार नाही. आता तशाच स्वभावाची, तितकीच बरी-वाईट माणसे वीस लक्ष एकत्र आणून एक नगर वसविले, तर त्याच प्रमाणाने तेथे वर्षास एक हजार घरफोड्या होतील. म्हणजे दररोज जवळजवळ तीन. रोज सकाळी वर्तमानपत्रात तीन घरफोड्या वाचणारा गृहस्थ म्हणेल, काय हे शहर! वस्तुतः तेथील मनुष्य खेड्यातील मनुष्यापेक्षा तसूभरही अधिक वाईट नाही आणि त्याच्या स्वतःच्या घरावरील संकटही गावातल्याइतकेच आहे. भागाकार न करता केवळ बेरीज वाचल्याचा हा परिणाम. सरकारी अहवालांत गुन्ह्यांचे प्रमाण दर लक्ष वस्तीमागे देतात ते याचसाठी.

पूर्वी ही बेरीज निदान आपल्या गावापुरती तरी होती. आता हातातील फोनवर, कोठल्या तरी दूरच्या नगरातील जिन्यावर साखळी हिसकावल्याचे चित्र सकाळी चहाच्या आधी येते. पाठविणारा गावाचे नाव लिहीत नाही, पाहणारा विचारीत नाही, आणि दुपारपर्यंत ती साखळी आपल्याच गल्लीत तुटलेली असते.

याचा अर्थ सारे भय काल्पनिक आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. २०२२-२३ च्या सुमारास हातात कोयते घेऊन हिंडणाऱ्या टोळक्यांनी पुणे व पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांस जो त्रास दिला तो खराच होता. रात्री रांगेने उभ्या केलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्या गेल्या, त्याही खऱ्या. त्यांत पकडलेल्यांपैकी कित्येक अल्पवयीन होते. मला त्यांचे वय वाचून जितके भय वाटले तितके कोयत्याचेही वाटले नाही. सातवी-आठवीत शाळा सुटलेला मुलगा पुढे दिवसभर काय करतो, हे विचारणारे कोणी उरत नाही, हे मी शिक्षक या नात्याने पाहिले आहे. असो, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

माझे म्हणणे एवढेच, की आपले भय चुकीच्या दारावर पहारा देत बसले आहे. आपण अनोळखी माणसास भितो. परंतु स्त्रियांवरील बलात्काराची जी प्रकरणे नोंदली जातात, त्यांत शंभरापैकी नव्वदांहून अधिक ठिकाणी आरोपी हा नातलग, शेजारी, मालक वा अन्य परिचित मनुष्य असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आहेत. २००७ साली पुण्यात रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीचा घात झाला, तो वाटेवरील कोणा भटक्याने केला नाही. कंपनीने नेमलेल्या मोटारीच्या चालकानेच साथीदारासह केला. फाटक सातला बंद करून यांतील कोणते संकट टळते, हे ठराव मांडणाऱ्यांनी कृपया सांगावे.

दुसरे असे, की २०२२ साली आपल्या देशात २८,५२२ खून नोंदले गेले आणि त्याच वर्षी रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे खुनापेक्षा जवळजवळ सहापट! तरी मुलगा विनाशिरस्त्राण दुचाकीवर निघाला तर आपण खिडकीतून हात हलवितो. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. ती मोटार एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता असे पोलिसांचे म्हणणे आहे, आणि तो मुलगा सुस्थितीतील घरातला आहे. झोपडपट्टीकडे बोट दाखविणाऱ्यांनी हेही ध्यानात धरावे.

तिसरे संकट तर दार न वाजवताच घरात येते. आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांस 'तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे' असे सांगून कोणी फोनसमोर दोन दिवस बसवून ठेविले आणि त्यांची आयुष्याची पुंजी नेली. घरास तिहेरी कुलूप होते, दारावर कॅमेरा होता. बंधूंनो, फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. असे काही घडल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी थोपविता येण्याचा संभव पहिल्या एक-दोन तासांतच अधिक असतो. त्या गृहस्थांनी लोकलज्जेस्तव आठ दिवस कोणास सांगितले नाही.

ही लोकलज्जा आकड्यांतही शिरते. चौकी दूर असली, किंवा चौकीची पायरी चढणे कमीपणाचे वाटले, तर गुन्हा घडूनही कागदावर येत नाही आणि शहर शांत दिसते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडास स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले. जवळ कचेरी आली, तक्रारी अधिक झाल्या, तर त्यात घाबरण्यासारखे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर नोंदविता येते. ही माहिती वसतिगृहाच्या फलकावर लावावी.

आता थोडे कडू बोलतो. भयास चेहरा हवा असतो, आणि तो आपण परक्याचा निवडतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापूरास त्यांना तारेच्या कुंपणात राहावे लागले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु मनातून गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. फोनवरून फिरलेली एक अफवा, एवढाच पुरावा. ते मारणारे सराईत गुन्हेगार नव्हते; बाजारास आलेले, मुलांची काळजी असलेले बापच त्यांत होते. आणि आपल्यापैकी काहींनी घरे भाड्याने देताना 'परप्रांतीय व एकटी मुले नकोत' अशा पाट्या लाविल्या आहेत. मी नोकरीस लागून प्रथम येथे खोली शोधली, तेव्हा तीन घरमालकांनी माझे आडनाव ऐकून चहा पाजला व खोली नाकारली. चहा उत्तम होता.

मग सुरक्षितता कशाने येते? माझ्या समजुतीप्रमाणे माणसांच्या वर्दळीने. आपल्या वसतिगृहाच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी, इस्त्रीवाला आणि भाजीवाली बाई होती, तोवर तेथे रात्री दहापर्यंत उजेड असे आणि तिघांचे डोळे असत. अतिक्रमण म्हणून ती उठविली. समोर नव्या सोसायटीची दोनशे हात लांब आंधळी भिंत उभी राहिली, आतील रहिवासी मोटारीत बसून आत जातात आणि मोटारीतूनच बाहेर येतात. आता सातनंतर त्या गल्लीत कुत्रेही फिरकत नाही. त्यात आपल्या वीस-पंचवीस मुलींनीही सातला घरात बसावयाचे ठरविले, तर नवाला कामावरून परतणारी दुसऱ्या कोणाची लेक अगदीच एकटी पडेल.

तेव्हा व्यवहाराचे बोलू. महाविद्यालयातील प्रयोगशाळेचे काम साडेसहास संपते आणि बस मिळून मुलगी दारी यावयास साडेसात होतात. फाटक सातला बंद झाले तर तिने प्रयोगशाळा सोडावी की वसतिगृह? याचे उत्तर त्या दोन पालकांनी आपल्यापरीने दिलेच आहे. माझी विनंती अशी, की ठराव मागे घेऊन वेळ नऊचीच ठेवावी. बसथांब्यापासून फाटकापर्यंतचे तीन दिवे गेले चार महिने बंद आहेत, त्यांविषयी महानगरपालिकेस द्यावयाचा अर्ज मी लिहून आणला आहे, तो व्यासपीठाशेजारच्या मेजावर आहे, त्यावर भोजनास जाण्यापूर्वी सर्वांनी सह्या कराव्यात. आणि टपरीवाल्यास रीतसर परवाना मिळावा म्हणून मंडळाने एक पत्र द्यावे. येत्या रविवारी सकाळच्या एस. टी. ने मी त्या दोन मुलींच्या गावी जाणार आहे. प्रवेशाची मुदत अजून गेलेली नाही. बरोबर एखाद्या भगिनी आल्या तर मुलींच्या आयांशी बोलणे सोपे होईल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे.